खालच्या कवळीची तक्रार

तीर्थरूप मामांना सविनय नमस्कार.

तुमची पाठ कशी आहे? आई सांगत होती की आता वाकताना त्रास होत नाही, फक्त पुन्हा सरळ होताना होतो. म्हणजे अर्धी सुधारणा आहे. मामींचा खोकला गेला असेल अशी आशा करते. इकडे सगळे ठीक. आई ठीक, बाबा ठीक, मावशी आता ठीक आहे. (या 'आता'बद्दल पुढे लिहिते. घाबरण्यासारखं काही नाही, लाजण्यासारखं आहे, आणि तेही मावशीने नव्हे, मी.)

हाताने लिहिलेलं पत्र पाहून तुम्ही आधी पाकीट उलटंसुलटं केलं असेल आणि मग कोण आजारी आहे याचा विचार केला असेल. कुणी नाही. ईमेल करता आली असती, पण ईमेलला तुमचं उत्तर हातातला चहा संपायच्या आत येतं, आणि मला लगेच उत्तर नको होतं. फोनवर मी कशी बोलते हे तुम्हाला ठाऊकच आहे: हवा कशी आहे, जेवलात का, थांबा आईला देते. तेव्हा पत्र. पत्र पोचेपर्यंत मधे एक वेळ मिळतो, ज्यात तुम्हाला काही माहीत नसतं आणि तुम्हाला कळणार आहे एवढं मला माहीत असतं. हा वेळ सुखाचा नाही, पण निदान माझ्या ताब्यातला आहे.

तर मुद्दा. कुणीही फुकट घ्यावं, आत शिरून बदलावं म्हणून तुम्ही खुल्या ठेवलेल्या तुमच्या सॉफ्टवेअरच्या पानावर लावलेली सूचना मी वाचली. "बऱ्याच काळात कुणाचीही तक्रार आलेली नाही. तक्रार नाही याचा अर्थ वापर नाही. महिनाअखेर हे काम थांबवून पान बंद करतो आहे. ज्यांनी वापरलं असेल त्यांचे, कुणी असल्यास, आभार." यातलं 'कुणी असल्यास' वाचून मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले आणि पुन्हा वाचलं. ते शब्द तिथेच होते.

मामा, असल्यास नव्हे. आहेत. त्यातली एक मी आहे.

मी दातांच्या लॅबमध्ये आहे एवढं तुम्हाला माहीत आहे. तिथे मी नेमकं काय करते ते मी कधी सांगितलं नाही, आणि ते विसरून राहिलेलं नाही. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं स्कॅन आमच्याकडे पाठवतात. त्यावरून संगणकावर कवळीचा आकार तयार होतो, तो मशीनला दिला की मशीन पातळ रेझिनचे थर एकावर एक चढवत कवळी उभी करतं, आणि मग ती प्रकाशाच्या पेटीत ठेवून टणक केली जाते. टणक होताना ती किंचित आकसते. म्हणून सॉफ्टवेअरने आकार आधीच तेवढा वाढवून द्यायचा असतो, म्हणजे आकसून ती बरोबर मापावर येते. हे सगळं मी तुम्हाला का समजावते आहे? तो वाढवण्याचा हिशेब तुम्हीच लिहिला आहे. आम्ही पहिल्यापासून तुमचंच सॉफ्टवेअर वापरतो. सकाळी लॅबचं दार उघडलं की दिव्यांच्या आधी ते सुरू होतं.

आता तुम्हाला आमच्या घरचं जेवण आठवेल, आईच्या वाढदिवसाचं. तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात आणि ताटातून मान वर न करता, सहज विचारलंत, "काय गं, तुमच्या लॅबमध्ये कुठलं सॉफ्टवेअर असतं?" आणि मी म्हणाले, "आहे एक."

आहे एक! त्यानंतर तुम्ही मीठ मागितलंत आणि मी ते दिलं. तो प्रसंग मी मनात अनेक वेळा पुन्हा चालवून पाहिला आहे. दर वेळी मी मीठच देते.

नाव का सांगितलं नाही, तर सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न 'कसं वाटतं?' हा आला असता. मला खोटं नीट बोलता येत नाही आणि खरं बोलायला उशीर झाला होता. कारण तोवर माझ्याकडे तुमच्या सॉफ्टवेअरवर मारलेल्या ठिगळांचा चांगला ढीग जमला होता. पहिलं ठिगळ नोकरीच्या पहिल्याच आठवड्यातलं. खालच्या कवळ्या घट्ट होत होत्या. मी आत शिरून पाहिलं, तर वरच्या जबड्याला आकसण्याची वाढ मिळत होती आणि खालच्याला द्यायची राहून गेली होती. (राहून गेली होती असं मी आज आदराने म्हणते. तेव्हा मी वेगळा शब्द वापरला होता, पण मनात.) एका ओळीचं काम. मी आमच्या प्रतीत ती ओळ घातली, कवळ्या बसायला लागल्या. त्या ओळीशेजारी मी स्वतःसाठी लिहून ठेवलं, 'मूळ लेखकाला कळवणे.' मूळ लेखकाचा फोन नंबर मला पाठ आहे. त्याच्या मांडीवर बसून मी पहिल्यांदा संगणक पाहिला. तरी ते वाक्य तिथे तसंच राहिलं, जसं एखाद्या दुकानावर 'लवकरच सुरू होत आहे' राहतं.

पुढे तेच वळण पडलं. काही बिघडलं की मी आत शिरायची, आमच्यापुरतं नीट करायची आणि बाहेर यायची. आमच्या मॅडमना (लॅब त्यांची आहे) याचं भारी कौतुक. डॉक्टर मंडळी आली की त्या मला हाक मारून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "सॉफ्टवेअर आपलं आहे. आमच्या इंजिनियरचं." पहिल्यांदा मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात कुणीतरी चहा आणला, आणि दुसऱ्यांदा मी उघडलं नाही. त्यानंतर मला खिडकीजवळची जागा मिळाली. मला सांगायला आवडणार नाही, पण अचूक लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते: मी तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही ते नीट केलं असतं, सगळ्यांना मिळालं असतं, आणि मग आमच्या लॅबला माझी इतकी गरज राहिली नसती. तुमच्या चुका म्हणजे माझी खिडकी होती.

शाळेत असताना तुम्ही मला शेजारी बसवून सांगायचात की पडद्यावर चूक आली की ती बंद करायची नाही, मोठ्याने वाचायची. मी वाचत राहिले, मामा, फक्त मनातल्या मनात.

बरं, तुम्ही नवी आवृत्ती काढलीत की माझी सगळी ठिगळं पुन्हा बसवावी लागायची. हे कंटाळवाणं होतं, म्हणून मी त्याचंही यंत्र केलं. नवी आवृत्ती आली की ती आपोआप उतरायची, ठिगळं आपोआप लागायची, आणि शेवटी एक चाचणी होऊन हिरवी खूण यायची. आता मागे पाहते तर ती चाचणी 'ठिगळ बसलं का?' एवढंच विचारत होती. कवळी बसते का, हे ती विचारत नव्हती. तुम्ही प्रत्येक आवृत्तीबरोबर काय बदललं ते सविस्तर लिहिता, आणि ते वाचायचं मी बंद केलं होतं, कारण हिरवी खूण येत होती.

आणि मागच्या आवृत्तीत तुम्ही ती खालच्या जबड्याची चूक स्वतःच शोधून काढलीत. कुणी न सांगता. खाली लिहिलंत की इतके दिवस हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही याचं नवल वाटतं. (हे वाक्य मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा वाचलं. त्यावर काही लिहीत नाही.) तुम्ही ती योग्य जागी दुरुस्त केलीत, मी अयोग्य जागी केली होती, त्यामुळे दोन्ही दुरुस्त्या एकमेकींना भेटल्याच नाहीत. एकाच घरात दोघांनी एकमेकांना न सांगता दुधात साखर घालावी, तसं झालं. खालची कवळी दोनदा वाढली आणि एकदाच आकसली. हिरवी खूण आली.

आता मावशी. मावशीला खालची कवळी हवी होती आणि तिने हट्टाने तिच्या डॉक्टरीणबाईंना सांगून ती आमच्या लॅबमधून करून घेतली. भाची करते म्हटल्यावर दुसरीकडे कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. ती मिळाल्यापासून मावशी एकदम कमी बोलायला लागली. मावशी, मामा! घरात याचा फार शांतपणे स्वीकार झाला. आई म्हणाली, वय झालं की माणूस गंभीर होतं. मावशीच्या यजमानांनी कसलीच चौकशी केली नाही, आणि का केली नाही ते मी समजू शकते. त्यांनी तेवढ्यात दोन जाड पुस्तकं वाचून संपवली.

मग मी एका दुपारी त्यांच्याकडे गेले. मावशी खिडकीशी वर्तमानपत्र पसरून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून, हातात काहीतरी घेऊन कराकरा घासत बसली होती. मला पाहताच तिने ती वस्तू मुठीत लपवली.

"काय करतेस गं?"

"कुठं काय. नखं."

"मावशी, नखांचा गुलाबी भुगा पडत नाही."

तिने वर्तमानपत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मूठ उघडली. आत कवळी. दुसऱ्या हातात नखांची कानस. माझ्या लॅबचा, माझ्या हातून मशीनवर चढलेला माल, कडेने उंदराने कुरतडल्यासारखा दिसत होता.

"जराशी टोचत होती गं. एवढीशी. रोज थोडी थोडी घासते, आता झालीच बघ."

"रोज? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पण दोष कवळीचा नाही हां! माझा जबडाच लहान असणार."

"अगं, मग मला नाही का सांगायचं?"

"तू एवढी मेहनत घेऊन केलीस, आणि मी टोचते म्हणून सांगू? तुझं तोंड एवढंसं झालं असतं. आणि घरच्या घरी होतंय की! त्यात काय मोठंसं?"

घरच्या घरी होतंय की. मामा, मी ते वाक्य ऐकलं आणि खुर्चीवर बसले, तर ती ओली होती, कारण मावशीने तिथे चूळ भरायचं भांडं ठेवलं होतं. पण मी उठले नाही. उठायचा अधिकार आहे असं वाटलं नाही.

आपलं घर हे असंच आहे, हे मला त्या ओल्या खुर्चीवर कळलं. आमच्या न्हाणीघराचं दार उचलून ढकलावं लागतं हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, सुताराला नाही. आईचं घड्याळ पुढे पळतं, ती ते घड्याळजीकडे नेत नाही, मनात वजाबाकी करते आणि आपलं गणित चांगलं आहे म्हणून खूश असते. आपण कुणी कुणाची तक्रार करत नाही. आपण याला प्रेम म्हणतो. बऱ्याचदा ते असतंही. पण मावशीच्या हिरडीवर त्या प्रेमाचा फोड आला होता, तो मी पाहिला.

तिथूनच मी तिच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हटलं, आमच्या कवळ्यांबद्दल काही अडचण? त्या हसून म्हणाल्या, "नाही हो, छान आहेत. खालच्या तेवढ्या हल्ली मोठ्या येतात, पण त्या आम्ही इथेच घासून देतो. मावशी तर घासायला सुद्धा आल्या नाहीत, त्यांची लगेच बसली असणार." मी दुसऱ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "हो, जरा मोठ्याच. मला वाटलं, तुमची पद्धतच तशी असेल, थोडं हातचं राखून." म्हणजे सगळ्या गावात माझ्या कवळ्या घासल्या जात होत्या. डॉक्टर घासत होते, रुग्ण घासत होते. सगळे समजूतदार, सगळे चूप. आणि मी खिडकीशी बसून समाधानात होते की आपल्या कामाबद्दल कुणाची तक्रार नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही त्या पानासमोर बसून काय पाहत असाल.

मॅडमना सांगायला मी उभी राहिले. (बस म्हणाल्या, बसले नाही.) सगळं ऐकून त्यांनी हातातल्या पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे सॉफ्टवेअर आपलं नाही?"

"नाही."

"मग कुणाचं?"

"माझ्या मामांचं."

"सख्ख्या?"

"सख्ख्या."

"मग मामाला सांगायला तुझी काय दातखीळ बसली होती?"

ज्या-ज्या खालच्या कवळ्या त्या आवृत्तीवर गेल्या होत्या, त्या सगळ्या परत बोलावून पुन्हा करून देत आहोत. नोकरी राहिली आहे. खिडकीची जागा मीच सोडली, तिथे आता पॉलिशचं मशीन ठेवलं आहे. 'आमच्या इंजिनियरचं' हे मात्र मॅडम अजूनही म्हणतात, फक्त पुढे 'मामाचं' जोडतात, आणि ते मला त्यांच्या रागावण्यापेक्षा जास्त लागतं.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, जी मला पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. तुमच्या सॉफ्टवेअरच्या, लोकांनी आपापल्या नावाने काढून ठेवलेल्या प्रती शोधल्या. त्या उघड्यावर आहेत, कुणीही पाहू शकतं. मामा, त्या पुष्कळ आहेत. आकडा लिहीत नाही, तुम्ही लगेच मोजायला बसाल. दूरदूरच्या लॅब आहेत, एक दातांचं कॉलेज आहे, आणि एक जनावरांचे डॉक्टर आहेत (कुत्र्यांच्या दातांना चालेल का, असं विचारणारा जो एकमेव संदेश तुमच्या पानावर पडून आहे, तो त्यांचा असावा. तुम्ही 'नाही' म्हणालात. ते चालवत आहेत). खालच्या जबड्याची दुरुस्ती बहुतेकांनी केलेली आहे. प्रत्येकाने वेगळ्या जागी. आणि त्यातल्या एका प्रतीत, कुठल्या तरी परक्या माणसाने, त्या ओळीशेजारी लिहिलं आहे, 'मूळ लेखकाला सांगायला हवं. वेळ मिळाला की सांगतो.' मी ते वाचलं आणि मला त्या माणसाचा अतोनात राग आला. मग तो राग हळूहळू योग्य पत्त्यावर आला.

म्हणजे तुमच्या पानावरची शांतता ही ओसाड घराची शांतता नव्हती. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि जो तो आपापल्या खोलीत, दुसऱ्याला त्रास नको म्हणून, आवाज न करता खिळे ठोकत होता.

तुम्ही रागवाल की नाही याचा अंदाज मला येत नाही. रागावलात तर मला बरं वाटेल. फार समजुतीने घेतलंत तर मात्र ते मला सहन होणार नाही, तेव्हा तेवढं करू नका.

मामींना नमस्कार. थंडीत पहाटे फिरायला जाऊ नका.

विचारलं की 'आहे एक' म्हणणारी,
तुमची भाची

ता. क. पाकीट बंद करण्यापूर्वी माझी सगळी ठिगळं तुमच्या पानावर पाठवली आहेत. माझ्या पूर्ण नावाने, मापांसकट, कुठे काय चुकतं आणि ते मी कुठे चुकीच्या जागी दुरुस्त केलं यासकट. म्हणजे पत्र पोचेपर्यंत तुम्हाला बहुतेक सगळं कळलेलं असेल आणि वर लिहिलेला तो ताब्यातला वेळ मी स्वतःच घालवला आहे. तरी पत्र पाठवते. तुमच्या पानावर काय झालं आणि काय व्हायला हवं होतं हे लिहायला चौकटी आहेत. मला लाज वाटते, हे लिहायला चौकट नाही.

आणखी एक. पान बंद करू नका. हे सगळं एवढंच मागण्यासाठी लिहिलं आहे. पहिल्या ओळीत मागायचं होतं, पण पहिल्या ओळीत मी तुमच्या पाठीची चौकशी केली.

शेवटचं. हे पत्र टाकायला मावशीकडे दिलं, आणि तिने पाकीट उघडून ते हात लांब धरून, मला न विचारता, माझ्यासमोर उभं राहून पूर्ण वाचलं. वाचून म्हणाली, "त्याला एवढं सगळं कशाला सांगायचं? त्याची कवळी पण तुझ्याच लॅबची आहे." आणि मग तोंडावर हात ठेवला. मी तो हात बाजूला केला, आणि मग तिने सगळं सांगितलं. तुम्ही मित्रांना भेटायला म्हणून तिच्याकडे आठवडाभर राहिलात, ते मित्र म्हणजे डॉक्टरीणबाई होत्या. खालचीच. आमच्याकडे रुग्णांची नावं येत नाहीत, नुसते नंबर येतात, त्यामुळे तुमचा जबडा मी पडद्यावर गोल फिरवून पाहिला असेल आणि ओळखला नसेल. तुम्ही तिला बजावलंत म्हणे, पोरीला कळू देऊ नकोस, जरा टोचते पण घेईन चालवून, आणि निघताना तिच्याकडून एक कानस मागून नेलीत.

तर मामा, तुमचं सॉफ्टवेअर वापरणारा निदान एक माणूस तुमच्या स्वतःच्या घरात आहे. तो ते रोज, जेवताना वापरतो. त्याला ते टोचतं. आणि त्याने अजून तक्रार केलेली नाही. कवळी परत पाठवा, नवी करून देते. पण आधी तक्रार करा. मावशीकडे नव्हे. माझ्याकडे.